शिश्नाचा जन्मजात वाकडेपणा : औषध नाही, पण इलाज आहे

अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपली की पुढचे तीन-चार दिवस माझ्या दवाखान्यात घसा बसलेल्यांची आणि कानात दडे बसलेल्यांची रांग लागते. लक्ष्मी रस्ता जवळच असल्याने ढोलपथकातली निम्मी मुले माझीच. अशाच एका गर्दीच्या सकाळी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. (गाव, नोकरी आणि वय यांत मी मुद्दाम थोडा बदल करीत आहे. मुलाची परवानगी घेतलेली आहे, तरीही.) गाव नीरेकडचे, घरी ऊस आणि थोडी जनावरे, मुलगा चाकणला एका कारखान्यात कामाला, वय सव्वीस. वडील खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच समजावा ह्याला. तुळशीचं लग्न झाल्यावरची तारीख धरलीये, पोरगी चांगली शिकलेली आहे, आणि हा आता नाही म्हणतोय. कारण विचारलं तर बोलत नाही."

मुलगा खाली बघत होता. मी वडिलांना म्हटले, "तुम्ही जरा समोरच्या अमृततुल्यमध्ये चहा घेऊन या. आम्ही बोलतो." दार लावल्यावरही तो पाच मिनिटे काही बोलला नाही. मग पिशवीतून त्याने एक तेलाची बाटली आणि चूर्णाचे दोन डबे काढून टेबलावर ठेवले. एसटी स्टँडजवळच्या एका 'गुप्तरोग तज्ज्ञा'ने सहा महिन्यांत त्याच्याकडून अठरा हजार रुपये घेतले होते. तक्रार एकच. ताठरता आली की त्याचे शिश्न खालच्या बाजूला धनुष्यासारखे वाकते. वयात आल्यापासून असेच आहे. 'लहानपणीच्या वाईट सवयीमुळे' असे झाले, असे त्या तज्ज्ञाने त्याला सांगितले होते आणि बारा वर्षे तो स्वतःलाही तेच सांगत आला होता.

वाचकहो, या विषयावर वर्तमानपत्रात लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. घरात सगळे हा पेपर वाचतात, सकाळच्या चहाबरोबर वाचतात. पण स्टँडच्या भिंतीवर, रेल्वेच्या पुलाखाली 'वाकडेपणा, कमजोरी, बारीकपणा' अशी अक्षरे आपली मुले रोज वाचतातच. भिंतीने सांगायचे आणि डॉक्टरांनी गप्प बसायचे, हे काही बरोबर नाही. शिवाय हा मान आपल्या भाषेत आधीच एकाने घेतलेला आहे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली मुंबईहून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यात ते वाचकांच्या अशाच खाजगी प्रश्नांना उघड उत्तरे देत. १९३४ साली त्यांच्यावर जो खटला झाला तो या उत्तरांवरूनच. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिले. तेव्हा आज मी चार ओळी लिहिल्या तर फार मोठे धाडस केले असे कोणी समजू नये.

आता मूळ विषय. शिश्नाच्या आत स्पंजासारख्या पेशीजालाच्या दोन लांब नळ्या शेजारी शेजारी असतात. त्यांच्या खालच्या अंगाने मूत्रमार्ग जातो. उत्तेजना आली की या दोन नळ्यांत रक्त भरते आणि इंद्रिय ताठ होते. प्रत्येक नळीभोवती एक चिवट, पांढरे, थोडे ताणले जाणारे आवरण असते. हे आवरण सगळ्या बाजूंनी सारखे ताणले गेले तर ताठरता सरळ येते. आईच्या पोटात वाढ होताना काही मुलांत एका बाजूचे आवरण दुसऱ्या बाजूपेक्षा थोडे कमी ताणले जाणारे राहते. जत्रेत मिळणारा लांबडा फुगा घ्या, त्याच्या एका अंगाला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि मग फुगवा. ज्या अंगाला पट्टी आहे त्या अंगाला फुगा वाकेल. हवा सोडली की वाक दिसणार नाही. जन्मजात वाकडेपणाचे नेमके असेच आहे. एरवी काही कळत नाही, लहानपणी आईबापांच्याही लक्षात येत नाही. वयात आल्यावर मुलाला पहिल्यांदा दिसते, आणि ते फक्त त्यालाच दिसते.

हा वाक बहुधा खालच्या बाजूला असतो. काहींना डाव्या-उजव्या बाजूला, त्यातही डावीकडे जास्त, आणि क्वचित वरच्या दिशेने. हात लावला तर गाठ लागत नाही, दुखत नाही. लघवीला त्रास नसतो. वीर्यावर, शुक्रजंतूंवर, मूल होण्याच्या शक्तीवर या वाकाचा काही परिणाम नाही. हस्तमैथुनाने हा वाक येत नाही, एका कुशीवर झोपल्याने येत नाही, घट्ट चड्डीने येत नाही, आणि गेल्या जन्मीच्या पापाने तर नाहीच. ज्या मुलाने कधी स्वतःला स्पर्शही केला नाही त्यालाही तो असू शकतो.

थोडाफार वाक कोणाला नसतो? पट्टीने आखल्यासारखे सरळ इंद्रिय हे चित्रांतच असते. दहा-पंधरा अंशांचा वाक म्हणजे काही आजार नव्हे. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा वाक इतका असतो की समागम होतच नाही, किंवा नवऱ्याला वा बायकोला दुखते. ढोबळ मानाने तीस अंशांच्या पुढे वाक असेल आणि अडचण होत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. दोन्ही गोष्टी हव्यात, नुसता आकडा पुरत नाही. चाळीस अंशांचा वाक असून ज्यांचा संसार सुखाचा आहे, दोन मुले आहेत, अशी जोडपी असतात. त्यांना शस्त्रक्रियेची काहीच गरज नाही. उलट वीस अंशांचा वाक असलेला मुलगा रात्रंदिवस त्याचाच विचार करून खंगत असेल तर त्याला सर्जनपेक्षा दोन तास शांतपणे बोलणाऱ्या माणसाची गरज जास्त.

हे अंश मोजायचे कसे? मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. घरी, एकांतात, पूर्ण ताठरता असताना तीन छायाचित्रे घ्यावीत: एक वरून, एक बाजूने, एक समोरून. ही पद्धत १९८०च्या दशकापासून डॉक्टर वापरत आलेले आहेत, कारण दवाखान्यात बसल्या बसल्या ताठरता येत नाही आणि सैल अवस्थेत तपासून वाक कळत नाही. पूर्वी याला कॅमेरा लागे आणि रोल धुवायला स्टुडिओत द्यावा लागे, त्यामुळे कोणी तयार होत नसे. आता मोबाइल आहे. मात्र एक बजावून सांगतो. फोटोत चेहरा येऊ देऊ नका, तो फक्त डॉक्टरांना समोर बसून दाखवा, आणि काम झाले की पुसून टाका. मोबाइलवर 'घरबसल्या सल्ला' देणाऱ्या अनोळखी नंबरांना असे फोटो पाठवून नंतर पैशासाठी धमक्या आलेली दोन मुले माझ्याकडे येऊन गेली आहेत. गरज पडली तर तज्ज्ञ डॉक्टर शिश्नात औषधाचे इंजेक्शन देऊन तात्पुरती ताठरता आणतात आणि वाक मोजतात. ते काम त्यांचेच. इंजेक्शनने आलेली ताठरता कधी कधी तासन् तास उतरत नाही, म्हणून दवाखान्याबाहेर हा प्रयोग करायचा नाही.

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. २००४ च्या सुमारास एक तरुण कारकून माझ्याकडे आला होता. असाच अडखळत बोलला. मी तेव्हा नवा होतो असेही नाही, सात-आठ वर्षे दवाखाना चालवत होतो. बाहेर तापाचे पंधरा रुग्ण बसले होते. मी त्याला पँट काढायला सांगितले नाही, तपासले नाही, किती वाक आहे ते विचारले नाही. पाठीवर थाप मारून म्हटले, "अरे, काही नसतं ते. लग्न झालं की सगळं ठीक होईल." त्याचे लग्न झाले आणि काही ठीक झाले नाही. पहिल्या रात्रीपासून बायकोला असह्य दुखायचे. तिला वाटले दोष आपल्यात आहे. सासूलाही तसेच वाटले. मग मूल होत नाही म्हणून दोन वर्षे तिच्याच तपासण्या झाल्या, तिलाच औषधे, तिलाच उपवास. नवऱ्याला कोणी एकदाही तपासले नाही, आणि तो बोलला नाही, कारण त्याला एका डॉक्टरने सांगितले होते की 'काही नसतं'. पाच वर्षांनी तो पुन्हा आला तेव्हा वकिलाची नोटीस त्याच्या खिशात होती. त्या दिवशी मी तपासले. वाक साठ अंशांच्या आसपास होता. समागम होणे शक्यच नव्हते. पुढे त्याची शस्त्रक्रिया झाली, वाक गेला. बायको तोवर माहेरी कायमची गेली होती.

त्यानंतर मी एक नियम केला. कोणीही तरुण 'तसली' तक्रार घेऊन आला की घड्याळाकडे बघायचे नाही आणि तपासल्याशिवाय धीर द्यायचा नाही. न तपासता दिलेला धीर फार महाग पडतो, आणि त्याचे बिल दुसऱ्याच कोणाला भरावे लागते. स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांनाही माझे तेव्हापासून सांगणे आहे, की लग्नाला वर्ष होऊनही संबंध नीट होत नसतील तर नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत बोलवा.

आता शस्त्रक्रियेविषयी. ही काही प्रयोगावस्थेतली गोष्ट नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात रीड नेसबिट नावाचे मूत्ररोग सर्जन होते. त्यांनी १९६५ साली जन्मजात वाकाच्या तीन रुग्णांची हकीकत आणि त्यांवर केलेली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्यांचा विचार फार सोपा होता. आखूड बाजू लांब करणे अवघड आहे, तर मग लांब बाजूच थोडी आखूड करावी, म्हणजे दोन्ही सारख्या होतील. आज साठ वर्षांनंतरही जगभर बहुतेक शस्त्रक्रिया याच विचारावर चालतात.

प्रत्यक्षात काय करतात ते सांगतो, कारण निम्मी भीती न माहीत असण्याची असते. कमरेतून किंवा पूर्ण भूल देतात. बोंडाच्या मागे गोलाकार छेद घेऊन, सदऱ्याची बाही मागे सारावी तशी त्वचा मागे घेतात. मग शिश्नाच्या मुळाशी रबरी पट्टा बांधून बारीक सुईने आत सलाइन सोडतात. त्याने टेबलावरच कृत्रिम ताठरता येते आणि वाक कुठे आहे, किती आहे ते सर्जनला डोळ्यांनी दिसते. ही युक्ती १९७४ सालापासून वापरात आहे. ती येण्यापूर्वी सर्जनना बराच अंदाजाने हात चालवावा लागे. मग वाकाच्या विरुद्ध बाजूच्या आवरणातून, म्हणजे जी बाजू लांब आहे तिथून, तांदळाच्या दाण्यासारखे लंबगोल लहानसे तुकडे काढतात आणि कडा शिवून टाकतात. ही झाली नेसबिट पद्धत. दुसऱ्या पद्धतीत काही कापतच नाहीत. शिंपी ब्लाउजला टक घालतो तसे आवरणाला टाके घालून ते तिथल्या तिथे दुमडतात. पुन्हा सलाइन सोडून बघतात. सरळ झाले तर झाले, नाहीतर एखादा टाका सोडून परत घालतात. साधारण तास-दीड तासाचे काम. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

खालच्या बाजूला वाक असेल तर टाके वरच्या बाजूला घालावे लागतात, आणि नेमक्या तिथूनच बोंडाला संवेदना देणाऱ्या नसा व रक्तवाहिन्या जातात. त्या हळुवार उचलून बाजूला धराव्या लागतात, किंवा त्यांना चुकवून मधल्या जागेत टाके घालावे लागतात. म्हणून हे काम ज्याचा हात या भागावर बसलेला आहे अशाच सर्जनने करावे: मूत्ररोगतज्ज्ञ, ज्यांना आपण युरॉलॉजिस्ट म्हणतो, किंवा या भागाचे काम नेहमी करणारे प्लास्टिक सर्जन. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या माणसाने फार लांब जायला नको. मूत्रमार्गाच्या दुरुस्तीच्या शस्त्रक्रियांत पुण्याचे नाव आज परदेशातही घेतले जाते. मूत्रमार्ग लांबवर आकसला असेल तर गालाच्या आतील अस्तर लावून तो दुरुस्त करण्याची पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांची पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि ती शिकायला बाहेरदेशांतून सर्जन येतात. ते दुखणे वेगळे, पण भाग तोच. सांगायचा मुद्दा एवढाच, की आपल्याच गावात हे काम जाणणारे लोक आहेत आणि आपण मात्र स्टँडजवळच्या खोलीत तेल विकत घेत बसतो. खाजगी रुग्णालयाचा खर्च झेपत नसेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून विचारावे. आपली शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते की नाही हे योजनेतील रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगू शकतो. त्याला आजाराचे नाव चारचौघांत मोठ्याने सांगायची गरज नसते, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की पुरते.

या शस्त्रक्रियेची किंमत पैशाशिवायही मोजावी लागते आणि ती आधी कळली पाहिजे. लांब बाजू आखूड केली की एकूण लांबी थोडी कमी होणारच. बहुधा सेंटिमीटरभर, वाक जास्त असेल तर त्याहून जास्त. खरे तर वाक असताना ती लांबी कामाची नसतेच, पण आरशात बघणाऱ्या मुलाला हे पटायला वेळ लागतो. म्हणून मी ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगतो आणि घरी जाऊन विचार करायला लावतो. न विरघळणारे टाके वापरले असतील तर त्यांच्या बारीक गाठी पुढे हाताला लागू शकतात. बोंडाला काही दिवस बधिरपणा येऊ शकतो, तो बहुतेकांचा जातो, क्वचित थोडा राहतो. थोडाफार वाक उरू शकतो किंवा टाका सुटून परत येऊ शकतो. वाक फारच मोठा असेल किंवा मुळात लांबी कमी असेल तर आखूड बाजूला कलम लावून ती वाढवण्याची शस्त्रक्रिया करतात. ती मोठी आहे आणि तिच्यात ताठरता कमी होण्याचा धोकाही जास्त आहे, त्यामुळे जन्मजात वाकासाठी ती सहसा पहिली निवड नसते. 'शंभर टक्के गॅरंटी' देणारा कोणीही भेटला तर तिथून उठून यावे.

घरी आल्यावर आठ-दहा दिवस सूज आणि काळे-निळेपणा असतो. झोपेत आपोआप येणारी ताठरता टाक्यांवर ओढ देते आणि रात्री जाग येते, हा सर्वांचा अनुभव. थंड पाण्याची पिशवी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांवर ते दिवस निभतात. सहा आठवडे समागम नाही, हस्तमैथुन नाही. इथे घाई करणाऱ्यांचेच टाके सुटतात.

तेल, लेप, चूर्ण, पंप, वजन बांधणे, व्यायाम यांपैकी कशानेही जन्मजात वाक जात नाही. आवरणाची घडणच तशी असते, ती चोळून बदलत नाही. औषधांच्या कायद्याच्या नियमांत, 'शेड्यूल जे' म्हणून जी यादी आहे तिच्यात, इंद्रियाचा आकार वा ठेवण सुधारण्याचा दावा कोणत्याही औषधासाठी करता येत नाही असे स्पष्ट आहे. अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदाही १९५४ पासून आहे. भिंतींना मात्र अजून कोणी तो वाचून दाखवलेला दिसत नाही.

दोन गोष्टींची गल्लत होते, त्या थोडक्यात सांगतो. पन्नाशीच्या आसपास, आजवर सरळ असलेले इंद्रिय नव्यानेच वाकू लागले, सुरुवातीला दुखते, आणि हाताला टणक चट्टा लागतो, तर तो जन्मजात वाक नव्हे. त्या आजाराला पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव आहे. तो पंधराव्या लुईचा सर्जन होता आणि त्याने १७४३ साली त्याचे वर्णन केले. मधुमेह्यांत तो जास्त आढळतो. गाठ लागली म्हणून कर्करोगाच्या भीतीने हबकून जाऊ नये, पण दाखवायला उशीरही करू नये. त्याचे उपचार वेगळे, आणि दुखणे थांबून वाक स्थिर होईपर्यंत शस्त्रक्रिया करीत नाहीत. तसेच समागमाच्या वेळी 'कट्' असा आवाज होऊन एकदम ताठरता गेली, सूज आली आणि काळे-निळे झाले, तर आवरण फाटलेले असू शकते. ते मात्र त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्यायचे दुखणे. तिथे लाजून घरी बसले तर पुढे वाक येतो, तो आयुष्यभराचा.

दुसरी गोष्ट लहान मुलांची, आणि ती आयांसाठी व आज्यांसाठी मुद्दाम सांगतो, कारण बाळाला न्हाऊ त्याच घालतात. काही मुलांची लघवीची जागा टोकाला नसून खालच्या अंगाला असते आणि शिश्न खाली वाकलेले असते. पुढची कातडी वरच्या बाजूला टोपीसारखी गोळा झालेली दिसते. दोन-तीनशे मुलग्यांत एखाद्याला हा दोष असतो, म्हणजे तसा दुर्मिळ नाही. बाळाला न्हाऊ घालताना लघवीची धार कुठून येते ते बघावे. खालून येत असेल तर बालशल्यविशारदाला दाखवावे. त्याची शस्त्रक्रिया सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान झालेली बरी, मुलाला आठवतही नाही. आणि अशा मुलाची सुंता तोवर करू नये, कारण नवा मूत्रमार्ग तयार करायला तीच कातडी लागते. मुसलमान कुटुंबांतल्या माझ्या रुग्णांना मी हे दरवेळी सांगतो आणि त्यांनी ते नेहमी ऐकले आहे. या कातडीचीच नळी करून एकाच वेळी दुरुस्ती करण्याची एक पद्धत आग्र्याच्या डॉ. आसोपा यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. जगभरच्या पुस्तकांत ती त्यांच्या नावाने आहे. ज्या मुलाची लघवीची जागा नीट टोकाला आहे आणि नुसताच वाक आहे, त्याला मात्र लहानपणी घाई नसते. तो वयात येऊन वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण अठराच्या पुढेपर्यंत, थांबून मग ठरवतात.

तर तो चाकणचा मुलगा. त्याला मी तपासले, फुग्याची गोष्ट सांगितली, कोनमापक कसा धरायचा ते दाखवले. आठवड्याने तो एकटाच आला. वाक पन्नास अंश. युरॉलॉजिस्टांकडे पाठवले, त्यांनीही तेच सांगितले. मी त्याला म्हटले, "दोन गोष्टी कर. लग्न चार महिने पुढे ढकल. आणि ज्या मुलीशी लग्न करणार आहेस तिला तू स्वतः सांग. तिला नंतर कळलं तर ती फसवणूक वाटेल. आत्ता सांगितलंस तर तो फक्त आजार आहे." या दुसऱ्या गोष्टीवर तो घाबरला. मीही थोडा साशंकच होतो. लग्न मोडले असते तर शिव्या मलाच बसल्या असत्या. पण त्याने सांगितले. मुलगी म्हणाली की विचार करते. दुसऱ्या दिवशी तिने फोन करून विचारले ते एवढेच, की ऑपरेशन पुण्यातच होणार की मुंबईला जावे लागेल, आणि भूल पूर्ण देतात की अर्धी.

दसऱ्यानंतर शस्त्रक्रिया झाली. नेसबिट पद्धतीने. घरी आणि गावात 'हर्निया' म्हणून सांगितले. रोग्याच्या गुपिताचा मान ठेवायचा असल्याने मीही होला हो केले. हर्नियाने आजवर किती जणांची अब्रू राखली असेल याची गणती नाही. तीन आठवडे तो खोलीवर आराम करून कामावर गेला. सुरुवातीच्या रात्री वाईट गेल्या असे म्हणाला. दीड महिन्याने तपासले तेव्हा पाच-सात अंशांचा वाक उरला होता, बोंडाच्या उजव्या बाजूला थोडा बधिरपणा होता. तो पुढे माघात लग्नाची पत्रिका द्यायला आला तोवर बराच कमी झाला होता.

पत्रिका द्यायला वडीलही बरोबर होते. निघताना मुलगा चपला घालायला बाहेर गेला तसे ते परत वळून आत आले, दार अर्धे लोटले आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक विचारायचं राहिलं. पोती उचलू नको म्हणाला होतात, ते झालं आता. पण वरातीला घोड्यावर बसवायचाय त्याला. हर्नियाच्या जागी काही होणार नाही ना?"

मी म्हटले, "खुशाल बसवा."